खाड्याची वही

ऑफर लेटर आलं तेव्हा मी जालन्याच्या बसस्थानकावर घनसावंगीच्या गाडीची वाट बघत होतो. मोबाइलवरच पीडीएफ उघडली. पगार बघितला, पद बघितलं, घरी फोन केला. गावात शिरेपर्यंत मायनं निम्म्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर पीडीएफ नीट वाचली. ऑफर पक्की नव्हती. वैद्यकीय तपासणी आणि आधीच्या नोकरीची पडताळणी या दोन अटी होत्या, आणि सोबत भरून पाठवायचा एक फॉर्म होता. त्यात सतराव्या नंबरला प्रश्न होता : मागच्या दोन वर्षांत आजारपणामुळे एकूण किती दिवस गैरहजर होतात? कारण लिहा. खाली ठळक अक्षरांत इशारा, की माहिती खोटी निघाली तर ऑफर रद्द.

माझा आकडा 47 होता. कारण टीबी. छातीचा नव्हे, मानेतल्या गाठींचा. तो सहसा दुसऱ्याला लागत नाही, पण हे समजावून सांगेपर्यंत समोरचा माणूस खुर्ची मागं सरकवून बसलेला असतो. आधी महिनाभर निदान होईना, मग गोळ्यांनी कावीळ झाली. सहा महिन्यांचा कोर्स पुढं थोडा लांबला, पण पूर्ण झाला. आता मी ठणठणीत आहे. पण फॉर्ममध्ये ‘आता कसे आहात’ असा रकानाच नव्हता.

माय भांडी घासत होती. मी प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, “म्हंजे त्यांनीबी खाडाच इचारला की.”

या शब्दापासून मी जे वाचत गेलो, ते इथं लिहितोय.

*

खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस. घरकामाच्या बाईनं सुट्टी घेतली तरी शहरात खाडाच म्हणतात. पण ऊसतोडीत खाड्याला भाव असतो. आमच्या घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या पट्ट्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर थेट कर्नाटकात. बीड जिल्ह्याएवढं आमचं नाव होत नाही, पण गावंच्या गावं रिकामी होताना मी डोळ्यांनी बघितली आहेत.

ज्यांनी हे जग बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. हंगामाच्या कितीतरी आधी, कधी पावसाळ्यातच, मुकादम घरी येतो आणि एकरकमी पैसे देतो. ती ‘उचल’. त्या पैशातून पेरणी होते, लग्न होतं, जुनं कर्ज फिटतं. मग पाच-सहा महिने ऊस तोडून, मोळ्या बांधून, ट्रकवर चढवून ती उचल टनाच्या भावानं फेडायची. कामावर नाही गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंड बसतो. दोघांपैकी एक जरी आजारी पडलं तरी कोयता मोडतो. तो दंड म्हणजे खाडा. मुकादम तो वहीत लिहितो.

आता ऑफर लेटरच्या भाषेत हे मांडून बघा. उचल ही एक सशर्त ऑफर आहे. काम सुरू व्हायच्या आधी येते, आणि तिची अट तुमचं शरीर असते. आधीच्या नोकरीची पडताळणी म्हणजे ती वही.

मी आठवीत होतो त्या हंगामात मायचे नऊ खाडे पडले. अंगावरून जात होतं, उभं राहवत नव्हतं. मी आजीपाशी गावात होतो, मला हे पुष्कळ नंतर कळलं. दिवसाला 500 रुपयांप्रमाणे 4500 रुपये खात्यावर चढले. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा घरी आणायला हातात काही नव्हतं. उलट अंगावर पैसे राहिले होते. ते फिटेपर्यंत दुसऱ्या मुकादमाकडं जाता येत नाही. पुढच्या वर्षी तोच मुकादम आला, ओट्यावर बसून चहा प्यायला आणि वही उघडून बापाला म्हणाला, “वहिनीचं काय खरं नाय. अर्ध्या कोयत्याची उचल धरा.” भांडण नाही, शिवी नाही. दोन ओळीत ऑफर अर्धी झाली.

मुकादमाला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. तो स्वतः वाहतूक ठेकेदाराच्या आणि कारखान्याच्या पैशात अडकलेला असतो. कोयता आजारी पडला तर तोटा त्याच्या माथी बसतो. कारखान्याच्या कागदावर माझ्या मायचं नाव बहुधा कधीच नव्हतं. तिच्या आजारपणाची एकमेव नोंद त्या वहीत होती, आणि ती वही तिच्या विरोधात होती.

*

2019 साली या खाड्याचं सगळ्यात भयंकर रूप बाहेर आलं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायका पंचविशी-तिशीतच गर्भाशय काढून टाकतायत, अशा बातम्या आल्या. विधान परिषदेत प्रश्न विचारला गेला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं, की बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत अशा 4605 शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे दर सहा बायकांमागं एक. त्याच्या थोडं आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांत हे प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन्हींचे वयोगट तंतोतंत एक नाहीत, त्यामुळं आकडे शेजारी ठेवताना जरा जपून. पण फरक वयोगटाच्या घोळानं झाकता येईल एवढा लहान नाही.

याचं कारण एकच सांगणारे लोक मला पटत नाहीत. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. त्यातून होणारे संसर्ग खरेच असतात. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर होते. लवकर झालेली लग्नं आणि लवकर झालेली बाळंतपणं होती. पण या सगळ्याच्या तळाशी खाडा आहे. दर महिन्याला तीन-चार दिवस मोडणार असतील तर ते दिवस शरीरातूनच काढून टाकायचे. उचल पूर्ण कोयत्याची मिळावी म्हणून शरीर दुरुस्त करून घ्यायचं. मेडिकल फिटनेसचा याहून कडक अर्थ मला कुठं सापडला नाही.

पुढं बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आलं. शस्त्रक्रियेवर लक्ष ठेवायला सरकार आलं, हे चांगलंच झालं. वहीला मात्र कुणी हात लावला नाही.

*

ही वही ऊसतोडीनं शोधलेली नाही. तिचा माग काढत मागं गेलं तर आपण मुंबईच्या गिरण्यांत पोचतो.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि फॅक्टरी कमिशनसाठी एक निवेदन तयार केलं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी शाळेच्या पुस्तकांत येते, आणि 1890 साली ती मिळाली हेही येतं. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही : काम करताना जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सन पुन्हा तपासला. 1884. लोखंडे स्वतः 1897 मध्ये प्लेगनं गेले.

गिरण्यांत मुकादमाच्या जागी जॉबर होता. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, आणि दोन्ही वेळा हात ओले करायला लावणाराही तोच. रोज सकाळी गिरणीच्या दारात माणसं उभी असायची. कुणी आलं नाही, तापानं पडलं, गावी गेलं, की त्याच्या मागावर दुसरा चढायचा. तो ‘बदली’. आजारी माणूस परत येईपर्यंत त्याची जागा शिल्लक असेलच असं नाही. शिल्लक ठेवायची तर जॉबरला दस्तुरी. 1935 साली गिरणीमालक संघानं बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजेरी लावायची, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची मनमानी कमी करणं हा एक हेतू होता. तरी पाया तोच राहिला : एकाचा खाडा ही दुसऱ्याची नोकरी.

स्वातंत्र्यानंतर यावर खरा कायदा आला, कर्मचारी राज्य विमा कायदा 1948. ईएसआय. पगाराच्या स्लिपवर कापलेले पैसे बघून आपण चरफडतो, तो हाच. योजना 1952 साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारांत अटी पूर्ण होत असतील तर त्याहून जास्त दिवस, जास्त दरानं. आणि या कायद्याचं कलम 73 सांगायचं, की कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालकानं त्याला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही.

माझ्या 47 दिवसांत मला हे पैसे मिळाले. कागदं जमवताना जीव गेला, पण मिळाले. मायला विश्वासच बसेना. आजारी पडल्याचे पैसे द्यावे लागतात हे तिला माहीत होतं, मिळतात हे नव्हतं.

पण कलम 73 पुन्हा वाचा. ते ज्या नोकरीत तुम्ही आजारी पडलात त्या नोकरीत तुमचं रक्षण करायचं. दुसऱ्या कंपनीच्या दारात, ऑफर हातात असताना, ते तुमच्या सोबत यायचं नाही. शिवाय शेजारचाच एक कायदा उलटं बोलायचा. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली कामगार कपातीची व्याख्या आली, नुकसानभरपाईसकट. त्या व्याख्येतून एक गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवली गेली : सततच्या आजारपणामुळं कामावरून काढणं म्हणजे कपात नव्हे.

*

सरकारी नोकरीची गोष्ट वेगळी वाटते, पण तिथंही हाच प्रश्न इंग्रजांच्या काळापासून चालत आलाय. केंद्र सरकारच्या नोकरीत शिरताना उमेदवारानं वैद्यकीय मंडळासमोर एक निवेदन भरायचं असतं. त्यात विचारतात, की तुम्हाला कधी देवी आल्या होत्या का, हिवताप किंवा दुसरा कुठला ताप, गाठी सुजणं-पिकणं, थुंकीतून रक्त, दमा, फुप्फुसाची सूज, हृदयविकार, चक्कर, संधिवात. आणि शेवटी, अंथरुणाला खिळवणारा दुसरा कुठला आजार किंवा अपघात. माहिती लपवली तर नोकरी आणि पुढचं निवृत्तिवेतन, दोन्हींवर पाणी, ही ताकीद खाली. भारतातून देवी 1977 मध्ये हद्दपार झाल्याचं जाहीर झालं, पण फॉर्ममध्ये ती पुढंही कितीतरी वर्षं ठाण मांडून राहिली. ‘गाठी’ या शब्दावर मी थांबलो, हे सांगायला नको.

या फॉर्मांवर कोर्टात दोन मोठ्या लढाया झाल्या.

पहिली नीरा माथुर यांची. 1989 साली त्या आयुर्विमा महामंडळात निवडल्या गेल्या. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, डॉक्टर बाईंनी तपासून तंदुरुस्त ठरवलं. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात शेवटची पाळी कधी आली हा प्रश्न होता. रुजू झाल्यावर काही महिन्यांत त्यांनी बाळंतपणाची रजा घेतली. परत आल्या तर नोकरी गेलेली. प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली, हे कारण. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कामावर परत घ्यायला लावलं, आणि असे लाज आणणारे रकाने फॉर्ममधून काढून टाका असं महामंडळाला सांगितलं. उमेदवाराचं उत्तर खरं की खोटं यावरच न अडकता, मुळात हे विचारायचं कशाला, इथपर्यंत न्यायालय गेलं.

दुसरी लढाई मुंबईची. खटल्यात त्या माणसाचं नाव नाही, फक्त ‘एमएक्स’. एका सार्वजनिक महामंडळातला हंगामी मजूर. कायम करण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली. शरीर कामाला धड होतं, पण एचआयव्ही निघाला, आणि त्याचं नाव यादीतून गेलं. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं, की माणूस काम करू शकत असेल आणि त्याच्यापासून इतरांना मोठा धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला काम नाकारणं घटनेत बसत नाही. वीस वर्षांनी, 2017 साली, एचआयव्ही-एड्सबाबतचा कायदा आला. आता नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्हीची चाचणी मागता येत नाही. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल असलेल्यांना 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार आहे.

टीबीसाठी असा वेगळा कायदा नाही. डेंग्यू, कावीळ, गर्भपात, डिप्रेशन, मोडलेला पाय, यांसाठी खासगी नोकरीच्या दारात काय आहे? तुमचं आणि एचआरचं नशीब. ब्रिटनमध्ये 2010 च्या समानता कायद्यानं ऑफर देण्याआधी आजारपणाबद्दल विचारायला जवळपास बंदीच आहे, त्यात आधीच्या नोकरीतले खाडेही आले. अमेरिकेत 1990 च्या कायद्यानुसार सशर्त ऑफर दिल्यानंतरच असे प्रश्न विचारता येतात. उत्तरात एखादं अपंगत्व निघालं, तर ते काम जमणारच नाही हे दाखवल्याशिवाय ऑफर मागं घेता येत नाही. तिथंही पळवाटा असणारच. पण आधी काय, नंतर काय, एवढी रेघ तरी ओढलेली आहे. आपल्याकडं सगळ्यांना लागू होणारी तशी रेघ नाही.

आता थोडं अवांतर. या सगळ्या शोधात एकच मोठी योजना अशी सापडली, जिच्या दारात तब्येतीचा इतिहास विचारत नव्हते. आपल्याच महाराष्ट्राची रोजगार हमी. 1972 च्या दुष्काळातून घडलेली, 1977 चा कायदा. अंगमेहनत करायला तयार असलेल्या गावातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं काम मागायचं, सरकारनं द्यायचं. माझी आजी त्या कामावर खडी फोडायला जायची. तिथली मजुरी कमी, ती हातात यायला उशीर. तरी ती म्हणायची, “हितं कुणी वही घिऊन बसत नाय.” मस्टर असायचंच की. पण मस्टरात आलेला दिवस लिहितात. न आलेला दिवस पुढच्या वर्षासाठी जपून ठेवत नाहीत.

*

फॉर्मचं काय झालं?

मित्रांनी दोन सल्ले दिले. एक : शून्य लिही, कोण बघतंय. दुसरा : पाच लिही, व्हायरल ताप म्हण. दोन्ही शहाणे होते. पण आधीच्या कंपनीला पडताळणीचा मेल जाणारच होता, आणि तिथं 47 हा आकडा हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलेला होता. आजार लपवला तर तो पुढं ‘खोटं बोलला’ या नव्या नावानं उभा राहतो. नीरा माथुर यांच्या खटल्यात हेच झालं होतं.

मी 47 लिहिले. कारणाच्या रकान्यात गाठींचा टीबी, उपचार पूर्ण, असं लिहिलं. सरकारी दवाखान्याचं उपचार पूर्ण झाल्याचं पत्र जोडलं. मायला विचारलं होतं, तर ती म्हणाली, “खरंच लिव्ह. मुकादमाला म्या कवा खोटं सांगितलं नाय.” थोड्या वेळानं म्हणाली, “तरी काय उपेग झाला म्हणा.”

कंपनीच्या डॉक्टरनं तपासलं, एक्सरे बघितला, फिट असा शिक्का मारला. त्यानंतर अकरा दिवस काहीच नाही. बाराव्या दिवशी मेल आला, की सदर पद सध्या स्थगित ठेवण्यात येत आहे. आजाराचा उल्लेख कुठंच नव्हता. कदाचित पद खरंच स्थगित झालं असेल. मला ते कधीच कळणार नाही, आणि कोर्टात न्यायला माझ्या हातात एक ओळ नाही. मुकादम निदान वही उघडून दाखवायचा.

तीन महिन्यांनी दुसरीकडं लागलो. पगार थोडा कमी. तिथल्या फॉर्ममध्ये सतरावा प्रश्न नव्हता. मायनं पहिलं काय विचारलं असेल, तर “तिथं खाडा कसा धरत्यात?” मी सांगितलं, वर्षाला सात दिवस आजारपणाची रजा, पैसे कापत नाहीत.

आता सात महिने झाले. त्यातली एकही रजा मी घेतलेली नाही. मागच्या आठवड्यात ताप होता, क्रोसिन घेऊन गेलो.